हलका हेडसेट आणि कोमट तेल

परमेश्वराने डोळ्याला पापणी दिली, मुखाला ओठ दिले; कानाला मात्र दार दिले नाही. डोळा नको ते दिसले की मिटतो, ओठ नको ते येऊ लागले की आवळतात. कान बिचारा अहोरात्र उघडा. निंदा येवो, नाम येवो, कुत्र्याचे भुंकणे येवो की काकड्याची घंटा, जो येईल तो त्याचा पाहुणा. उंद्रीच्या वैष्णवीने आपल्या कानांना दार लावायचे ठरवले, तेव्हा तिला कोणालाही बाहेर ठेवायचे नव्हते. तिची डोकेदुखी थांबावी, एवढीच तिची इच्छा होती.

वैष्णवी म्हणजे उकंडरावांची एकुलती एक लेक. गावात मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, एक तर तलाठीही झाली. पण विमान चालवायला शिकून पुढे दुसऱ्यांना शिकवणारी ही एकच. शिष्यवृत्ती मिळाली, ती परगावी गेली, शिकली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर शिक्षिका म्हणून रुजू झाली. तिने शिकवायचे विमान मोठे नव्हे. दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसली की ते भरले. पुढे एक पंखा, मागे शेपटी, आणि इंजिनाचा आवाज असा, की मळणीयंत्राच्या तोंडाशी उभे राहून कोणी गप्पा माराव्यात! म्हणून अशा विमानात बसणारा प्रत्येकजण हेडसेट घालतो. कानांवर दोन जाड वाट्या, डोक्यावरून पट्टी, ओठांपुढे माईकची काडी. शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी त्याच्यातून, आणि धावपट्टीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या टॉवरची आज्ञा ऐकायची तरी त्याच्यातूनच.

वैष्णवीच्या हेडसेटची पकड मोठी घट्ट होती. त्यात तिला चष्मा. चष्म्याच्या काड्या वाट्यांखाली दाबल्या जात आणि कानामागच्या हाडावर रुतत. वैशाखात वाट्यांची कातडी उशी घामाने भिजे, दुपारपर्यंत कानशिले ठणकत, आणि शेवटचे उड्डाण संपवून ती उतरली की चष्मा हातात धरून काही वेळ तशीच विमानाच्या पंखाखाली बसून राही. तिने पातळ काड्यांचा चष्मा केला. फरक पडला नाही. डोळ्यांत भिंगे घालून पाहिली. धावपट्टीवरच्या धुळीने डोळे लाल झाले. शेवटी तिने ठरवले, की जे डोक्यावर बसते ते उतरवायचे आणि जे कानात बसते ते आणायचे.

असा हेडसेट असतो. कानात घालायच्या मऊ स्पंजाच्या दोन कळ्या, कानावरून मागे वळणारी बारीक तार आणि गालापाशी माईक. हातात घेतला तर चिमणी हातावर बसली आहे की उडाली आहे, असा प्रश्न पडावा इतका हलका. कळी चिमटीत वळून बारीक करायची, कानात सरकवायची आणि बोटाने धरून ठेवायची. ती आत हळूहळू फुगते, कानाची वाट भरून काढते, आणि बाहेरचे इंजिन दूरच्या गावी गेल्यासारखे होते. पुण्याच्या एका दुकानदाराने तो महिनाभर वापरून पाहायला दिला. पटला तर ठेवा, नाही पटला तर परत करा.

निवड सोपी नव्हती. डाव्या कानात मधली कळी नीट बसे, उजव्यात तीच दुखे. लहान घातली तर सैल पडे. माणसाचे दोन कानसुद्धा एकमेकांसारखे नसतात, हे वैष्णवीला तेव्हा कळले. कळी नीट बसली की नाही, हे ओळखण्याची खूण तिला धावपट्टीवरच्या एका जुन्या वैमानिकाने सांगितली होती. ओठ मिटून गुणगुणायचे. आवाज बाहेरून आला तर फट आहे. आवाज आपल्याच मस्तकात भरला तर कान बंद झाला.

वैष्णवी भजनी मंडळातल्या आईची लेक. गुणगुणायचे तर दुसरे काय गुणगुणणार? पहिल्यांदा दोन्ही कळ्या नीट बसल्या तेव्हा तिने ओठ मिटून ‘विठ्ठल’ म्हटले, आणि ते नाम तिला बाहेरून ऐकू आलेच नाही. ते टाळूतून आले, दातांतून आले, कपाळाच्या हाडातून आले. आजवर मुखाने घेतलेले नाम आज देहाने घेतले, असे तिला वाटले आणि रिकाम्या विमानात एकटीच बसून ती हसली.

पण अहो, आत नाम भरून राहिले तरी बाहेर कोणीतरी लागतेच ना? धावपट्टीजवळच्या भाड्याच्या खोलीत वैष्णवी एकटी राहत होती. सकाळी पोळीभाजीचा डबा दाराशी येई, संध्याकाळी रिकामा डबा ती दाराबाहेर ठेवी. डबेवाल्या बाईंचे तोंड तिने क्वचितच पाहिले होते. शिकायला येणारी मुले दूरदूरच्या शहरांतली. ती शिकत, परवाना घेत आणि निघून जात. एखाद्याचा सणाला निरोप येई. आकाशात टॉवर तिला हाक मारी, पण ती हाक तिच्या नावाची नसे. विमानाच्या शेपटीवर रंगवलेल्या अक्षरांची असे. मुले ‘मॅडम’ म्हणत. असे कित्येक दिवस जात, की तिच्या स्वतःच्या नावाने तिला कोणीही हाक मारलेली नसे.

फोनवर तेवढी आई हाक मारी. तीही नावाने नव्हे, पाळण्यातल्या लाडाने: छकुली.

उंद्रीच्या घरात तिची आई विमलबाईही एकट्याच. उकंडराव अचानक गेले. शेत ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिले. गाय विकली, कारण एका माणसाला दूध किती लागणार? घराला लागून पिठाची गिरणी होती, ती दिवसभर धडधडे, आणि त्या धडधडीतच विमलबाईंचा दिवस सरे. लेकीचे काही करावे, तर करायला उरले काय? लेकीचा डबा दुसरी बाई देते. कपडे यंत्र धुते. केस तिने आखूड कापले, वेणी घालायची सोय राहिली नाही. पगार तिचा तिला पुरतो. आईची माया मोठी, पण ती ठेवायला जागा उरली नव्हती. भरल्या हंड्याला उंबऱ्यावरच थांबावे लागावे, तशी ती माऊली आपल्याच घरात थांबलेली.

त्या रविवारी वैष्णवी खामगावला एसटी बदलून उंद्रीला आली. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. विमानशाळेचे मुख्य शिक्षक चंद्रशेखर सर तिच्याबरोबर उडणार होते, आणि तिचे उड्डाण त्यांना पटले तर विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने आकाशात सोडण्याचा अधिकार तिला मिळणार होता. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठा विश्वास नाही. शेजारच्या आसनावरून उतरायचे, दार लावायचे आणि कोणाच्या तरी लेकराला म्हणायचे, जा, आता तू एकटा जा. हा अधिकार वैष्णवीला हवा होता. मनापासून हवा होता.

जेवताना तिचा हात वारंवार उजव्या कानाकडे जात होता. मधल्या कळीने कान आतून हुळहुळला होता.

“काऊन वं, कान काऊन चोळून राह्यली?” विमलबाईंनी विचारले.

“काही नाही आई. थोडा ठणकतो.”

“थोडा म्हणतं आन् घास खाली ठेवतं. कधीपासून?”

“नवीन हेडसेट आहे ना. सवय होईपर्यंत होतं असं.”

“त्या मशिनीची सवय तुह्या कानानं काऊन लावून घ्यावी? मशिनीनं लावून घ्यावी ना! थांब.”

विमलबाई उठल्या, आणि किती दिवसांनी त्यांच्या उठण्यात घाई दिसली! लसणाच्या पाकळ्या ठेचल्या. लोखंडी पळीत तिळाचे तेल घेतले. पाकळ्या तांबूस झाल्या, वास घरभर पसरला, पळी खाली उतरली. तेल कोमट झाले का, हे त्यांनी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिले. तान्ह्या बाळाचे दूध आई जसे पाहते, तसे.

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाई पीठ घेऊन गिरणीतून परतत होत्या. दारातून त्यांनी डोकावून पाहिले.

“बाप्पा! विमानवाली आली काय? अवं छकुली, गावावरून जातं त हात तं करत जाय वं. आमी वर पाहू पाहू मान मोडून घेतो.”

“मामी, मी इकडून जातच नाही.”

“नाई जात? मंग मी आजवर कोनाले हात केला?” म्हणत चांगुणाबाई हसत हसत पुढे गेल्या.

“ये,” विमलबाई म्हणाल्या. “झोप मांडीवर. उजवा कान वर कर.”

वैष्णवीने एक क्षण विचार केला. उद्या कळी घालायची आहे, आज तेल नको, असे म्हणता आले असते. ओठांपर्यंत शब्द आलेही होते. पण तिने आईकडे पाहिले. हातात पळी, दुसऱ्या हातात कापूस, आणि चेहरा असा, की जणू देवाने बऱ्याच दिवसांनी काम सांगितले. वैष्णवीने चष्मा काढला आणि ती आईच्या मांडीवर आडवी झाली.

कोमट धार कानात उतरली. आत काहीतरी खुळखुळले आणि सगळे जग मऊ झाले. विमलबाईंचा खडबडीत अंगठा कानाच्या पाळीवरून फिरत राहिला. मग म्हणाल्या, “आता डावा.”

“डावा नाही दुखत.”

“एकाले दिलं न् एकाले नाई, असं करतेत काय? दोघं बी तुहेच.”

अशी ती माऊली. तिने दोन्ही कान भरले. पहाटेच्या गाडीने वैष्णवी परत गेली, कापूस काढला, रुमालाच्या टोकाने कान पुसून पुसून कोरडे केले. तिला ते कोरडे वाटले. पण आईने आत मुरवलेले तेल रुमालाने निघते का?

विमानात बसल्यावर तिने कळ्या वळल्या, सरकवल्या, धरून ठेवल्या. ओठ मिटून नाम घेतले. डावीकडे ते आत भरले. उजवीकडे किंचित पोकळ वाटले. तिने कळी पुन्हा दाबली, नाम पुन्हा घेतले. बसली. शेजारी चंद्रशेखर सर वाट पाहत होते. ती निघाली.

वर ऊन कडक होते. उड्डाण सुरेख झाले. वळणे नेटकी, उंची धरलेली, बोलणे मोजके. सर मान डोलावत होते. परतताना मात्र घामाला तेल मिळाले आणि उजवी कळी केसभर सरकली. इंजिनाचा आवाज आत शिरला. वैष्णवीने ती बोटाने दाबली. ती पुन्हा सरकली. त्याच वेळी डावीही ढिली पडली. टॉवर बोलत होता. तिला विमानाची अक्षरे ऐकू आली, धावपट्टीचे नाव ऐकू आले. मधले शब्द धडधडीत विरले. रोज हीच आज्ञा येई, म्हणून मधले शब्दही रोजचेच असणार असे तिने धरले आणि विमान धावपट्टीकडे वळवले.

“माझ्या हाती दे,” चंद्रशेखर सर म्हणाले. विमान त्यांच्या हाती गेले, डावीकडे कलले, एक मोठी फेरी घेऊ लागले. खाली दुसरे विमान शांतपणे उतरत होते. ते पुष्कळ दूर होते. भीती अशी काही नव्हती. पण टॉवरने फेरी घेत थांबायला सांगितले होते, आणि ती थांबली नव्हती.

उतरल्यावर विमाने ठेवायच्या हँगरच्या सावलीत दोघे उभे राहिले.

“टॉवर काय म्हणाला होता, वैष्णवी?”

“मला पूर्ण ऐकू आलं नाही, सर.”

“मग पुन्हा विचारायचं. हे तूच मुलांना शिकवतेस ना?”

“मला वाटलं, मला कळलं.”

सरांनी तिच्या गळ्यातल्या बारीक तारेकडे पाहिले. “हे खेळणं पुण्याला परत पाठव. आपला जुना बरा. डोकं दुखतं, पण ऐकू तरी येतं.”

वाट समोर मोकळी होती. होय म्हटले, की दोष हेडसेटचा. तिचा नाही आणि आईचाही नाही. पण भजनाच्या घरात वाढलेल्या मुलीच्या जिभेवर ते होय बसेना.

“हेडसेटचा दोष नाही, सर. माझ्या कानात तेल होतं.”

“काय होतं?”

“तेल. लसणाचं. काल घरी गेले होते. कान दुखत होता, आईने घातलं.”

सरांना हसू आवरेना. “अगं, लोक डोळ्यांत तेल घालून विमान चालवतात. तू कानात घालून आलीस!”

वैष्णवी हसली नाही. तेव्हा सरांचेही हसणे ओसरले.

“हे बघ, आजचं मी मान्य करू शकत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा उडू. हेडसेट कोणता ते तू ठरव, तुझे कान तुला ठाऊक. पण मुलाला एकटं वर पाठवणाऱ्याला त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायला हवा. घरी सांगून टाक, की तेल नको.”

“सांगते,” वैष्णवी म्हणाली.

सांगते! एवढासा शब्द. पण टॉवरशी बोलणे सोपे, वाऱ्याशी झुंजणे सोपे; आईला ‘आता हेही नको’ म्हणणे सोपे नाही. आठवडाभर रोज फोनवर विमलबाई विचारीत, “कान कसा हाय?” आणि रोज वैष्णवी म्हणे, “बरा आहे.” परीक्षेचे विचारले तर म्हणे, “पुढे गेली.” एक शब्दही खोटा नव्हता, आणि एकही पुरेसा खरा नव्हता. उजव्या कानासाठी तिने दुकानदाराकडून आणखी मऊ, मधलीपेक्षा किंचित लहान कळी मागवली. ती अशी चपखल बसली, की दुखणे गेले आणि नाम दोन्हीकडे सारखे भरले. हेडसेट ठेवायचा, हे ठरले. तेल थांबवायचे, हे अजून तोंडातून निघाले नव्हते.

पुढच्या रविवारी ती हेडसेट पिशवीत घालून उंद्रीला गेली. पाय धुऊन आत आली, तर लसणाचा वास. विमलबाईंनी तिची वाट न पाहताच पळी तापवली होती. कोमट तेल वाटीत काढून ठेवले होते.

“ये, झोप.”

“आई, नको.”

“गरम नाई वं. पाह्यलं मी.”

“त्यासाठी नाही.” वैष्णवी समोर बसली. “कानात तेल असलं की ही कळी घसरते. मागच्या वेळी घसरली. टॉवरचं बोलणं ऐकू आलं नाही. परीक्षा पुढे गेली म्हणाले ना, ती नुसती पुढे गेली नाही. मी नापास झाले.”

गिरणी शेजारी धडधडत होती. विमलबाईंनी वाटी बाजूला सारली.

“म्हंजे माह्या तेलानं झालं.”

“चूक माझी होती. मी विचारायला पाहिजे होतं.”

“ते मी नाई इचारत. तेलानं झालं काय, ते सांग.”

“हो.”

विमलबाई रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दाखव बरं मले ते काय हाय.”

वैष्णवीने हेडसेट काढला. मोठ्या कळ्या लावल्या, वळल्या, आईच्या कानांत सरकवल्या आणि दोन्हीकडे बोटांनी हळूच धरून बसली. आईचा चेहरा तिच्या तळहातांच्या मधोमध आला. इतक्या जवळून तिने तो कधी पाहिला होता, आठवेना.

“गिरणी बंद झाली काय?” विमलबाई मोठ्याने म्हणाल्या. कान बंद झालेला माणूस मोठ्यानेच बोलतो.

वैष्णवीने मान हलवली. चालू आहे. मग आपले ओठ मिटून, छातीवर हात ठेवून खुणेने सांगितले: नाम घे.

विमलबाईंनी ओठ मिटले. गुणगुणल्या. आणि दचकल्या. पुन्हा गुणगुणल्या. त्यांचे डोळे मिटले, मान आपोआप डोलू लागली. साऱ्या आयुष्याचे भजन त्या म्हाताऱ्या हाडांतून परत त्यांच्याकडे येत होते. वैष्णवी समोर बसून पाहत होती. तिला त्यातले काहीच ऐकू येत नव्हते. फक्त गिरणी.

बऱ्याच वेळाने त्यांनी कळ्या काढल्या आणि पदराने पुसून लेकीच्या हातात दिल्या.

“देव आयकू येते वं याच्यात,” त्या म्हणाल्या. “मानूस नाई आयकू येत. तुले दिवसभर असंच राह्यते काय?”

“हो,” वैष्णवी म्हणाली.

“मले बी,” विमलबाई म्हणाल्या.

एक आकाशात, एक उंबऱ्यात, आणि दोघींच्या मध्ये फोनवर रोजचे एक ‘बरा आहे’. दोघींचा देव एक, दोघींचे नाम एक, आणि तरी दोघींचे एकटेपण आपापले.

विमलबाईंनी वाटी उचलली. तेल समईत घालावे म्हणून त्या देव्हाऱ्याकडे वळल्या, आणि मध्येच थांबल्या. लसणाचे तेल देवाला चालत नाही. त्या परत आल्या, भिंतीला टेकून बसल्या, लुगडे गुडघ्यांवर सारले आणि बोटे वाटीत बुडवून स्वतःचेच गुडघे चोळू लागल्या.

“दे आई, मी लावते,” वैष्णवी पुढे सरकली.

“राहू दे वं. लसनाचा वास हातातून लवकर जात नाई. आन् तेच तेलकट बोट तू कळीले लावशीन. पुढच्या महिन्यात परीक्षा हाय ना तुही?”

“आहे.”

“मंग? त्या लेकराईले एकटं वर धाडाचं हाय तुले. सरक तिकडं.”

वैष्णवी सरकली. आई गुडघे चोळत राहिली, सावकाश, एकदा उजवा, एकदा डावा. लेक आपले कोरडे, स्वच्छ हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिली.